शिंजीर रोज येतो, मग बिलबर्जियाला फळ का धरत नाही?

चिमणचारा (धागाकर्ती)

बरेच महिने नुसती वाचत होते, आज स्वतःचा धागा काढायची वेळ आली.

गॅलरीत ब्रोमेलियाडच्या, म्हणजे अननसाच्या कुळातल्या झाडांच्या, नऊ कुंड्या आहेत, त्यांतल्या पाच बिलबर्जियाच्या. मुळात एकच रोप होतं. नावाची पट्टी कधीच हरवली. त्याच्या बुडातून फुटणारी पिल्लं काढत काढत पाच कुंड्या झाल्या. यंदा तीन कुंड्यांना एकाच आठवड्यात तुरे आले. गुलाबी सहपत्रं (फुलांखालची रंगीत पानं), त्यांतून निघालेली लांबट फुलं, पाकळ्यांच्या टोकांना शाई सांडल्यासारखा जांभळा रंग आणि बाहेर डोकावणारे पिवळे पुंकेसर.

तुरा उमलल्यावर तिसऱ्या दिवशी पावणेसातला शिंजीर हजर. नर. सावलीत काळा कुळकुळीत, उन्हात आला की निळा-जांभळा. दांड्यावर बसला, मान खाली घालून एक फूल, मान तिरकी करून दुसरं, मग चक्क उलटा लटकून तिसरं. उडाला तेव्हा कपाळावर खडूची भुकटी लागल्यासारखा पिवळा पट्टा होता. तेव्हापासून रोज येतो. मादीही येते, पण ती कायम घाईत.

मी लगेच फळं धरायची वाट बघत बसले. तिन्ही तुऱ्यांवर मिळून २२ फुलं मोजली होती. आज तीन आठवडे झाले. फुलं वाळली, बुडाशी असलेला हिरवा फुगीर भाग पिवळा पडला, बोट लावलं की टपकन गळतो. २२ पैकी शून्य.

ब्रोमेलियाडचं परागीभवन बहुतकरून पक्षी करतात असं वाचलं होतं. मग माझा पक्षी करतोय तरी काय?

फक्त_वाचक

फुकटचा पाहुणचार घेतोय, दुसरं काय!

कुंडीपुराण

फळ हवंय कशाला? बिलबर्जिया एवढी पिल्लं टाकते की वाटून वाटून माणूस थकतो. माझ्याकडे वीस वर्षं आहे, एकदाही बी बघितलेलं नाही आणि काही अडलंही नाही. फुलं येतायत, पक्षी येतोय, खुर्ची टाकून बसावं.

चिमणचारा

काका, खुर्ची टाकलेलीच आहे. शंकाही तिथेच बसून आली.

चोच_वाकडी

आधी एक गोष्ट. ‘ब्रोमेलियाडचं परागीभवन पक्षी करतात’ या वाक्यातला पक्षी म्हणजे हमिंगबर्ड. ब्रोमेलियाडच्या साडेतीन हजारांहून जास्त जाती, आणि एक सोडली तर सगळ्या मूळच्या अमेरिका खंडांतल्या. ती एक पिटकेर्निया फेलिसियाना, पश्चिम आफ्रिकेत गिनीच्या खडकांवर वाढते. हमिंगबर्डही फक्त अमेरिकेतच. शिंजीर आशिया, आफ्रिकेतला. म्हणजे तुमच्या गॅलरीत जी भेट होतेय ती निसर्गात कधी झालीच नव्हती, माणसाने कुंड्या नेल्या म्हणून झाली.

दोघे दिसायला सारखे वाटतात. लांब चोच, चमकता रंग, मकरंदावर जीव. पण नातं जवळचं नाही. एकाच धंद्यात पडले म्हणून सारखी हत्यारं आली, एवढंच. मोठा फरक बसण्यात. हमिंगबर्ड फुलासमोर हवेत थांबून पितो. शिंजीर थोडा वेळ तसं करू शकतो, पण त्याला बसायला काहीतरी लागतं. बसून प्यायचं म्हटलं की फुलाशी त्याचा कोन बदलतो, आणि कोन बदलला की पराग चिकटायची जागा बदलते.

म्हणून प्रश्न असे: चोच फुलाच्या तोंडातून जाते की बाजूने? पराग कपाळावर लागतात हे तुम्ही बघितलंत. पण पुढच्या फुलाची कुक्षी त्याच कपाळाला टेकते का? आला म्हणजे परागीभवन झालं, असं नसतं.

चिमणचारा

उद्या बघते. कुक्षी म्हणजे मधली ती पिळासारखी ना? पुंकेसरांच्या जरा पुढे असते, टोकाला सुतळीला पीळ घातल्यासारखी दिसते.

चोच_वाकडी

तीच. पीळ उलगडून थोडी चिकट, ओलसर दिसली तर ती पराग घ्यायला तयार आहे.

पिल्लूवाला

चोचीपर्यंत जायच्या आधी. ‘मुळात एकच रोप होतं’ असं तुम्ही सहज लिहून गेलात, उत्तर मला तिथे दिसतंय.

पिल्लू हे आईचं अपत्य नव्हे, आईचाच तुकडा. तुमच्याकडे बिलबर्जियाची पाच रोपं नाहीत, एकच रोप पाच कुंड्यांत बसलंय. शिंजीर या कुंडीतले पराग त्या कुंडीत नेतो ते त्याच घरातल्या दुसऱ्या खोलीत. अनेक ब्रोमेलियाड स्वतःचे पराग ओळखतात आणि नाकारतात. पराग कुक्षीवर पडला तरी पुढे बीजांडापर्यंत पोचत नाही. सगळेच असे नाहीत. काही टिलँडशिया, काही व्रिसिया कुणीही फिरकलं नाही तरी स्वतःच्या परागांवर बोंडं धरून मोकळ्या होतात.

घराघरांत ठाऊक असलेलं उदाहरण अननसाचं. अननसही ब्रोमेलियाडच. कधी अननसात बी लागलंय? क्वचितच. एकाच वाणाचं शेत म्हणजे एकच रोप हजारो सऱ्यांत. पराग इकडून तिकडे गेले तरी बी धरत नाही, आणि अननसाचं फळ बी नसतानाही भरतं, म्हणून आपलं काम भागतं. पण दोन वाण शेजारी लावले आणि मध्ये हमिंगबर्ड आला तर फळात टणक बिया होतात. हवाईत हमिंगबर्ड आणायला बंदी आहे ती याच भीतीने.

बिलबर्जियात मात्र बी नाही तर फळही नाही. बीजांडकोश गळून जातो. तुमच्याकडे झालंय ते हेच.

आणखी एक शक्यता: रोप संकरित असेल तर पराग मुळातच वांझ असू शकतात. पट्टी हरवल्यावर तेही कळायला मार्ग नाही. पट्ट्या जपा हो! पेन्सिलीने लिहा, शाई उन्हात उडते.

चिमणचारा

म्हणजे बिचाऱ्यावर उगाच आळ घेत होते.

चोच_वाकडी

आळ अजून पूर्ण उतरलेला नाही. पिल्लूवाला म्हणतात ते खरं असेल, पण पक्षीही चोरी करत असू शकतो. दोन्ही वेगवेगळं तपासावं लागेल.

नवखी

मध्येच विचारते, माफ करा. माझ्याकडे लाल गुझमानिया आहे. चार महिने तसाच लालबुंद आहे. शिंजीर शेजारच्या जास्वंदीवर येतो, पण याच्याकडे ढुंकून बघत नाही. का?

पिल्लूवाला

कारण तुम्हाला दिसतंय ते फूल नाही. लाल दिसतात ती सहपत्रं, म्हणजे रंगीत पानं. खरी फुलं त्यांच्या मधोमध येतात, बोटाच्या पेराएवढी, पांढरी किंवा पिवळी, आणि एकेक फूल एखाद-दोन दिवसांत आटोपतं. सहपत्रांची पाटी पुढे महिनोन् महिने झळकत राहते. तुमच्या घरी कुंडी आली तेव्हाच दुकान बंद झालं असणार.

फक्त_वाचक

पाटी चालू, दुकान बंद. हे आपल्याकडे नवीन नाही.

चोच_वाकडी

पक्षी पाटीला एकदा-दोनदा फसतो, मग शिकतो. लाल रंगाची ओढ पक्ष्यांना जन्मजात असते असा समज आहे. हमिंगबर्डवरच्या प्रयोगांत दिसलं की रस ज्या रंगात मिळेल त्या रंगाकडे ते पटकन वळतात. लाल फुलं पक्ष्यांची होण्यामागे एक कारण असं की मधमाश्यांना लाल नीट दिसत नाही. हिरव्या पानांत लाल ठिपका त्यांना सहज उठून दिसत नाही, त्यामुळे रस पक्ष्याला उरतो. पक्ष्यांच्या फुलांना वासही बहुधा नसतो.

नवखी

धन्यवाद! म्हणजे आता वाट बघण्यात अर्थ नाही?

पिल्लूवाला

या झाडापुरता नाही. एक रोप एकदाच फुलतं, मग बुडातून पिल्लं देत हळूहळू मरतं. पिल्लू आईच्या निम्म्या उंचीचं झालं की वेगळं करा. ते मोठं होऊन फुलेल तेव्हा मधोमध लक्ष ठेवा. पुरेसं मोठं होऊनही फुलत नसेल तर पिकलेल्या सफरचंदासोबत आठवडाभर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करतात. फळातून इथिलीन वायू निघतो आणि तो फुलायची सूचना देतो. आधी पानांच्या मधल्या पेल्यातलं पाणी ओतून टाका, आणि पिशवी उन्हात नको, रोप शिजेल.

रात्रपाळी

मी सध्या हमिंगबर्डच्या मुलखात राहते, म्हणून लिहिते. अंगणात एकमिया (हाही ब्रोमेलियाडच) आणि बिलबर्जिया जमिनीतच आहेत.

इथले काही हमिंगबर्ड, विशेषतः हर्मिट म्हणतात ते, ठरलेल्या वाटेने फेरी मारतात. दोन फुलं इथली, तीन पलीकडच्या बागेतली, एक कुंपणावरचं, आणि काही वेळाने पुन्हा त्याच क्रमाने. टपाल वाटल्यासारखं. ब्रोमेलियाडचा तुरा अशा गिऱ्हाइकाला सोयीचा असतो, कारण तो एकदम सगळा फुलत नाही, रोज चार-दोन फुलं उघडतो. पोट एका जागी भरत नाही, म्हणून पक्ष्याला पुढे जावंच लागतं आणि पराग दुसऱ्या झाडापर्यंत पोचतात. उलट काही हमिंगबर्ड एकच फुललेली जागा धरून बसतात आणि बाकीच्यांना हाकलतात. त्यांच्याकडून झाडाला फारसा फायदा होत नसावा असं मला बघून वाटतं.

आता गंमत. एकदा फूल उघडून भिंगाखाली बघत होते, आत पिठाच्या कणाएवढे किडे पळत होते. ते फुलांतले माइट. मकरंद आणि पराग खातात. त्यांना पंख नाहीत, मग नव्या फुलावर जातात कसे? हमिंगबर्ड चोच घालतो तेवढ्या क्षणात चोचीवरून धावत जाऊन त्याच्या नाकपुडीत शिरतात आणि पुढच्या योग्य फुलावर उतरतात. मी ते प्रत्यक्ष बघितलेलं नाही, फार झटपट होतं. पण ते वाचल्यापासून हमिंगबर्ड दिसला की माझ्याच नाकाला खाज सुटते.

चिमणचारा

ईईई! आणि वाहवाही.

रात्रपाळी

अवांतर, पण बसण्याचा विषय निघाला म्हणून. दक्षिण अमेरिकेत अँडीजमध्ये आणि चिलीत पुया नावाचे दांडगे ब्रोमेलियाड आहेत. त्यांतल्या पुया रायमोंडीचा फुलोरा पकडून उंची दहा मीटरच्या आसपास जाते, आणि फुलायला अनेक दशकं लागतात. मला जास्त आवडतात त्या चिलीतल्या पुया. त्यांच्या फुलोऱ्यातल्या प्रत्येक फांदीचं टोक वांझ असतं, त्यावर फूल येतच नाही, नुसता दांडा पुढे येतो. पक्षी त्यावर बसतो, वाकून पितो आणि डोकं परागांनी माखून घेतो. झाडाने बसायला दांडी करून दिलीय. म्हणजे बसून पिणारे पक्षी ब्रोमेलियाडना अगदीच परके आहेत असं नाही.

चोच_वाकडी

वा! हे माझ्या वरच्या प्रतिसादाला चांगलं उत्तर आहे. मान्य.

कुंडीपुराण

मी म्हणतो, एवढी मेहनत कशाला, साखरपाण्याची बाटली टांगा. पक्षी येतात.

रात्रपाळी

येतात, पण मग ते बाटलीवर येतात, फुलावर नाही. टांगायचीच तर एक भाग साधी पांढरी साखर, चार भाग पाणी. फुलांतला मकरंदही साधारण एवढाच पातळ असतो. मध नको, त्यात बुरशी वाढते. लाल रंग नको. आणि उन्हाळ्यात दोन दिवसांनी बाटली धुवायची. धुणं जमणार नसेल तर टांगू नका, आंबलेलं पाणी पक्ष्याला बाधतं.

डास_नको

सगळे पक्ष्यांचं कौतुक करताय, पेल्यात साचणाऱ्या पाण्याचं काय? त्यात डास होतात. आमच्या इमारतीत या झाडांवरून भांडण झालंय.

पिल्लूवाला

भीती रास्त आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस अशा साचलेल्या पाण्यात अंडी घालू शकतो. अंड्यापासून डास व्हायला गरम हवेत साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून दर पाच दिवसांनी नळीने जोरात पाणी मारून पेला ओसंडून वाहू द्यायचा, किंवा कुंडी आडवी करून रिकामी करून ताजं पाणी घालायचं. बीटीआय नावाची जिवाणूंची पूड मिळते, ती डासांच्या अळ्या मारते आणि पक्ष्याला, रोपाला काही करत नाही.

रॉकेल, तेल मात्र अजिबात ओतू नका. असा पेल्याचा ब्रोमेलियाड बरंचसं पाणी आणि अन्न पानांतून घेतो, तेलाने तो गुदमरतो. तांब्याचा अंश असलेली बुरशीनाशकंही नकोत, तांबं याला विष आहे.

चोच_वाकडी

आणि कीटकनाशक! मुळातून शोषलं जाणारं इमिडाक्लोप्रिडसारखं औषध मातीत घातलं की ते फुलाच्या मकरंदातही उतरतं. पक्षी यावा असं वाटत असेल तर त्या कुंडीला ते घालायचं नाही. पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसा. वेळ जातो, पण कुंड्या नऊच आहेत ना?

डास_नको

ठीक. पाच दिवसांचं गणित सोसायटीच्या गटावर टाकतो.

चिमणचारा

अहवाल देते. चार दिवस पावणेसात ते साडेसात खुर्चीवर होते.

पक्ष्याच्या दोन तऱ्हा दिसल्या. तुऱ्याच्या खालच्या फुलांवर दांड्यावरून नीट पोचता येतं, तिथे चोच तोंडातून आत जाते, पुंकेसर आणि कुक्षी दोन्ही कपाळाला घासतात. टोकाकडची फुलं गैरसोयीची. तिथे तो वरच्या बाजूला बसून पाकळ्यांच्या बुडातल्या फटीत चोच खुपसतो. पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या नाहीतच, नुसत्या गुंडाळलेल्या आहेत, त्यामुळे भोकही पाडावं लागत नाही. कपाळ कोरडं आणि पोट भरलेलं. मी मोजलेल्या ६० चोचींपैकी ३७ तोंडातून, २३ बाजूने.

म्हणजे चोरी करतोच, पण अर्ध्याहून जास्त वेळा सरळ वागतो.

दुसरं. चौथ्या कुंडीला उशिरा तुरा आलाय. त्यातल्या सहा फुलांना मी स्वतः बारीक कुंचल्याने त्याच तुऱ्याचे पराग लावले आणि वर जाळीदार कापडाची पिशवी बांधली. आज अठरावा दिवस. सहाही पिवळी पडून गळाली.

पिल्लूवाला

मग पक्ष्याचा दोष नाही. कुंचल्यालाही जमलं नाही ते चोचीला कुठून जमणार? आता दुसऱ्या घराण्याची बिलबर्जिया हवी, आणि ती याच वेळी फुललेली हवी. कठीण इथेच आहे, एक फूल दिवसभरसुद्धा धड टिकत नाही.

चिमणचारा

मावसबहिणीकडे आहे एक. लोंबत्या तुऱ्याची, कुंडी हलवली की फुलांतून रसाचे थेंब गळतात. पण आत्ता फुललेली नाही.

पिल्लूवाला

ती बिलबर्जिया नूटान्स असणार. त्या थेंबांमुळेच तिला इंग्रजीत ‘राणीचे अश्रू’ म्हणतात. उत्तम! पुढच्या बहराला तिची कुंडी आणून ठेवा. आणि हो, या वेळी पट्टी लावा.

चोच_वाकडी

आणताय तर प्रयोग नीट करा, नाहीतर मधमाशीचं श्रेय पक्ष्याला द्याल. काही फुलं उघडी ठेवा. काहींना कापडाची पिशवी, आत कुणीच जाणार नाही. काहींभोवती बोटभर भोकांच्या तारजाळीचा पिंजरा, माशी-मुंगी जाईल, पक्षी जाणार नाही. पण जाळी फुलाला लगटून ठेवू नका. शिंजिराची चोच भोकातून सहज जाते. चारही बाजूंनी चार-चार बोटं अंतर ठेवा.

कुंडीपुराण

गॅलरी आहे की प्रयोगशाळा!

---

चिमणचारा

धागा वर काढतेय. दहा महिने झाले, कुणी विसरलं असेल तर वरून वाचा.

यंदा माझ्या चार कुंड्या आणि बहिणीची नूटान्स एकत्र फुलल्या, फक्त नऊ दिवस का होईना. नूटान्सची कुंडी आणून रांगेच्या टोकाला ठेवली. खालचे सगळे आकडे माझ्या जुन्या बिलबर्जियाचे:

उघडी फुलं ४१, त्यांपैकी फळ धरलेली ९.
तारजाळीच्या पिंजऱ्यातली १०, फळ १.
कापडी पिशवीतली ८, फळ ०.
कुंचल्याने नूटान्सचे पराग लावून पिशवी बांधलेली ६, फळं ५.

पिंजऱ्यातल्या त्या एकाचं श्रेय बहुतेक बारीक माश्यांचं. दोनदा दिसल्या होत्या, मोहरीएवढ्या काळ्या, पायांवर पराग घेऊन.

जे धरलं ते ओळखायला वेळ लागत नाही. बाकीचे बीजांडकोश आठवड्याभरात निस्तेज होतात, हे मात्र हिरवेगार राहून फुगतात, वर वाळलेल्या फुलाची काळपट शेंडी तशीच. पहिलं फुगलेलं दिसलं तेव्हा मी गॅलरीत एकटीच ओरडले.

चोच_वाकडी

अभिनंदन! आकडे लहान आहेत, पण दिशा स्पष्ट आहे. शिंजीर काम करतो.

एक गोष्ट खटकतेय. कुंचल्याने ६ पैकी ५, म्हणजे रोप फळ धरायला उत्सुक आहे. मग पक्ष्याचे ४१ पैकी ९ एवढे कमी का? बाजूने केलेली चोरी धरली तरी एवढा फरक पडू नये.

रात्रपाळी

कुंड्या कशा मांडल्या होत्या? ‘रांगेच्या टोकाला’ म्हणालात.

चिमणचारा

माझ्या चार ओळीने, मग कठड्याच्या कोपऱ्यात नूटान्स. बहिणीची कुंडी म्हणून जरा जपून, वाऱ्याच्या आड.

रात्रपाळी

मग पक्ष्याचा हिशोब करून बघा. नूटान्सवरून निघतो तेव्हा कपाळावर परके पराग असतात. तुमच्या पहिल्या दोन-चार फुलांवर ते उतरतात. त्यानंतर कपाळावर साचतात ते तुमच्याच रोपाचे, आणि उरलेली सगळी फुलं तो तेच एकमेकांना वाटत जातो. जे तुमचं रोप नाकारतं. तो फेऱ्या मारतोय भरपूर, पण घरातल्या घरात.

नऊ फळं कोणत्या कुंड्यांवर धरली?

चिमणचारा

थांबा, वहीत बघते.

सहा नूटान्सच्या लगेच शेजारच्या कुंडीवर. दोन त्याच्या पुढच्या, एक तिसऱ्या. सर्वांत लांबच्या कुंडीवर एकही नाही. हे लिहिताना अंगावर काटा आला. मी आकडे लिहिले होते, पण ओळीने बघितलेच नव्हते.

पिल्लूवाला

फारच छान. पुढच्या वेळी एक तुमची, एक तिची, अशा आलटून पालटून ठेवा. किंवा नूटान्स मधोमध. बसायला दोघींच्या मध्ये एक काटकी रोवा, पुयाने करून दाखवलंय तसं.

नवखी

मी माझ्या गुझमानियाची नोंद ठेवतेय. पिल्लू आलंय, बोटभर आहे अजून.

चिमणचारा

शेवटची बातमी, निम्मी वाईट.

फळं पिकायला लागली तशी मी निश्चिंत होते. परवा सकाळी बघते तर कठड्यावर बुलबुलाची जोडी. मी दार उघडेपर्यंत सात फळं गायब! कुंचल्यावाली पाच पिशवीत होती म्हणून वाचली, उघड्यांतली दोन उरली.

चोच_वाकडी

रसाळ फळ पक्ष्यांसाठीच असतं. बी लांब टाकायचं काम त्यांचं. तुमच्या बिया आता कुठल्या तरी झाडाच्या बेचक्यात पडल्या असतील.

पिल्लूवाला

अवांतर: हे बिलबर्जिया, एकमियांच्या बाबतीत. टिलँडशिया, व्रिसियाच्या बोंडांतून केसाळ बिया वाऱ्यावर उडतात, तिथे बुलबुलाला काही मिळत नाही.

उरलेल्या फळांतला गर चांगला धुऊन काढा, तो राहिला तर बुरशी येते. ओल्या कागदावर बिया पसरून झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवा. मातीखाली पुरू नका, यांना रुजायला उजेड लागतो. आणि ताज्याच पेरा.

चिमणचारा

उघड्यावरच्या दोन फळांत मिळून ४४ बिया निघाल्या, तपकिरी, बारीक, गराने बोटांना चिकटणाऱ्या. त्या वेगळ्या डब्यात ठेवल्यात. कुंचल्यावाल्या दुसऱ्या. शिंजिराच्या डब्यावर पट्टी लावलीय, पेन्सिलीने. आज बाराव्या दिवशी त्यात आठ हिरवे ठिपके दिसतायत.

फुलायला किती वर्षं?

पिल्लूवाला

तीन-चार तरी. घाई केलीत तर सफरचंद आहेच.

कुंडीपुराण

ताई, शिंजिराच्या डब्यातली चार रोपं जगली तर माझ्यासाठी ठेवाल का? वीस वर्षं एकच बिलबर्जिया आहे माझ्याकडे. तिला शेजार हवाय, असं आता वाटायला लागलंय.

चिमणचारा

काका, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पट्टीसकट पाठवते.